ऊसतोडीची मजुरी ठरते पावसाळ्यात

कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात. ऊसतोड मजुराच्या श्रमाचा सौदा मात्र त्याआधी दोन-तीन महिने झालेला असतो. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांत आणि शेजारच्या पाथर्डी-शेवगावात श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या जमवणाऱ्या मुकादमांच्या चकरा सुरू होतात. बी-बियाणं आणि खत उधारीवर आलेलं असतं, कापूस अजून बोंडातच असतो, मागच्या उन्हाळ्यातल्या लग्नाची देणी डोक्यावर असतात. अशा वेळी मुकादम एका जोडप्यामागे पन्नास हजार, लाख, कधी त्याहूनही जास्त रोख मोजून देतो. याला उचल म्हणतात. ज्याने ती घेतली त्याने येत्या हिवाळ्यातले आणि उन्हाळ्यातले आपले हातपाय आजच विकलेले असतात.

श्रमाचा बाजार कसा चालतो हे समजून घ्यायला महाराष्ट्रात याहून बोलकं उदाहरण मला दिसत नाही. राज्यात दरवर्षी आठ ते दहा लाख माणसं ऊसतोडीला घराबाहेर पडतात, असं साधारण मानलं जातं. त्यांना कामाला लावणारे कारखाने दोनशेच्या आसपास आहेत. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात मागणी आणि पुरवठ्याच्या दोन रेषा एकमेकींना छेदतात आणि त्या छेदबिंदूवर मजुरी ठरते. विकणारे लाखो आणि विकत घेणारे दोनशे असतील, तर बाजार बरा चालायला हवा, भावही वाजवी निघायला हवा. तसं का होत नाही, हे पाहायचं तर या दोन रेषांच्या मागे काय दडलंय ते शोधावं लागतं.

आधी मागणी पाहू. तोडणाऱ्या हातांना स्वतःची अशी मागणी नसते. साखरेला मागणी असते म्हणून उसाला असते, आणि उसाला असते म्हणून कोयत्याला. त्यात ऊस फार वेळ थांबत नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला नाही तर त्याचं वजन घटतं, साखरेचा उतारा उतरतो. न तोडलेल्या उसाला तुरा येतो, तो पोकळ पडू लागतो. आडसाली ऊस अठरा महिने जपायचा आणि शेवटच्या महिन्यात मजूर मिळाला नाही म्हणून वाळताना बघायचा, ही शेतकऱ्याच्या पोटात गोळा आणणारी गोष्ट आहे. याचा अर्थ, हंगामाच्या ऐन भरात मजुराच्या हातात मोठी ताकद असायला हवी.

काही वर्षी ती खरोखरच असते. २०१९-२० मध्ये आधी दुष्काळ आणि मग पूर अशा दुहेरी तडाख्याने राज्याचं साखर उत्पादन साधारण ६२ लाख टनांवर आलं. काही कारखान्यांची धुराडी पेटलीच नाहीत. दोनच वर्षांनी, २०२१-२२ मध्ये, ते १३७ लाख टनांच्या घरात गेलं. मराठवाड्यात जून उजाडला तरी ऊस शेतात उभा होता. मजुरीचा करार काही वर्षांसाठी होत असल्याने टनाचा दर एकेका हंगामाप्रमाणे वरखाली होत नाही. पण बाजाराला भाव हलवायचाच असतो, आणि एक दार बंद झालं तर तो दुसऱ्या दाराने हलवतो. त्या वर्षी गावोगाव ‘खुशाली’ वाढली. तोडणीला हात लावण्याआधी टोळीला, मुकादमाला आणि वाहनाच्या ड्रायव्हरला शेतकऱ्याने वरून रोख रक्कम द्यायची, ही ती खुशाली. एकरी काही हजार रुपये मोजावे लागल्याच्या तक्रारी सगळीकडून येत होत्या. जळीत ऊस कारखान्याला लवकर न्यावा लागतो, म्हणून काही शेतकऱ्यांनी आपल्याच उसाला काडी लावली. शेतकऱ्यांच्या तोंडून ही लूट असते. ती लूट असेलही, पण अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर करारातल्या दरात जे बसलं नाही ते खुशालीतून बाहेर आलं. टंचाईच्या दिवसांत कोयत्याची खरी किंमत करारापेक्षा बरीच वर होती.

मग ही ताकद एरवी का दिसत नाही? कारण सौदा टंचाईच्या दिवसांत होतच नाही. तो पावसाळ्यात होतो, आणि तेव्हा निकड कारखान्याला नसते, मजुराला असते.

ॲडम स्मिथने १७७६ साली हे स्पष्ट लिहून ठेवलं आहे. बाजाराचा कैवारी म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं त्याच स्मिथचं निरीक्षण असं की मालक आणि मजूर यांच्या ओढाताणीत मालक जास्त दिवस तग धरतो. त्याच्याकडे साठवलेलं असतं, एकही मजूर न लावता तो वर्ष-दोन वर्षं काढू शकतो. बरेच मजूर कामाशिवाय आठवडाही काढू शकत नाहीत, महिना काढणारे थोडे आणि वर्ष काढणारा क्वचितच. मजुरी न वाढवण्याबद्दल मालकांचं आपसांत न बोलता जमलेलं असतं, हेही त्याने नोंदवलं आहे. श्रमाच्या बाजाराचं मर्म मला इथे दिसतं. मजुरी कामाच्या कष्टावरून ठरत नाही, आणि एकट्या उत्पादनावरूनही नाही. ‘या भावात मी येत नाही’ असं म्हणून माणूस किती दिवस घरी बसू शकतो, यावर ती ठरते. बालाघाटाच्या डोंगरउतारावर दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन असलेलं कुटुंब भाद्रपदात किती दिवस थांबू शकेल?

आर्थर लुईस हा सेंट लुशिया बेटावरचा अर्थतज्ज्ञ. १९५४ साली त्याने मांडलं की ज्या देशात शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं तगून असतात, तिथे नव्या उद्योगाला मजुरी फारशी न वाढवता हवे तेवढे मजूर मिळत राहतात. गावातल्या मिळकतीपेक्षा थोडं जास्त दिलं की माणसं येतात. १९७९ साली त्याला नोबेल मिळालं. पश्चिम महाराष्ट्राची साखर कारखानदारी या सूत्रावर उभी राहिली असं म्हटलं तर ते फारसं चुकणार नाही. कालव्याचं पाणी कृष्णा, प्रवरा आणि नीरेच्या खोऱ्यांत आलं, ऊस तिथे वाढला आणि हात मराठवाड्यातून आले. एकाच राज्यातल्या पाण्याच्या विषमतेतून हा बाजार जन्मला आहे.

आता उचलीकडे वळू, कारण सगळी गुंतागुंत तिच्यात आहे. उचल म्हणजे एकाच व्यवहारात बांधलेले दोन व्यवहार. मजूर पैसे उसने घेतो आणि त्याच हाताने श्रम विकतो. प्रणब बर्धन आणि अशोक रुद्र या अर्थतज्ज्ञांनी १९७०च्या दशकात पूर्व भारतातल्या खेड्यांमध्ये जमीन, कर्ज आणि मजुरीचे असे गुंतलेले व्यवहार तपासले होते. असा व्यवहार का टिकतो याचं उत्तर वरवर सरळ आहे. ज्याच्याकडे तारण नाही त्याला बँक दारात उभं करत नाही, त्याचे हात हेच त्याचं तारण असतं. मुकादम ते तारण स्वीकारतो, आणि घरात त्या दिवशी खरोखर पैसा येतो. म्हणून मजूरही उचल नाकारत नाहीत, उलट जास्त उचल देणारा मुकादम शोधतात. फक्त कर्ज आणि काम एकाच माणसाकडून घेतलं की दोन्हींचे भाव एकमेकांत मिसळतात. मजुरी कमी आहे का व्याज जास्त आहे, हे वेगळं काढता येत नाही.

हिशेब करून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये कारखान्यांचा साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात ३४ टक्के वाढीचा करार झाला. टनाला २७३ रुपयांच्या घरातला तोडणीचा दर त्यामुळे ३६६ च्या घरात गेला. एक धडधाकट जोडपं दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतं. म्हणजे दोघांचे मिळून ७३२ रुपये, माणशी ३६६. लाखाची उचल असेल तर ती फिटायला १३७ दिवस लागतात, तेही या दिवसांत एक रुपया न खाता. पण हंगामात पीठ-मीठ, तेल आणि औषधपाणी यासाठी आठवड्याला खर्ची घ्यावीच लागते आणि ती त्याच खात्यावर चढते. हंगाम चांगला पाच महिने चालला तर जमतं. पाऊस कमी झाला आणि कारखाना शंभर दिवसांत बंद पडला, तर तोडणी होते ७३ हजारांची. उरलेले २७ हजार आणि खर्ची अंगावर राहते, आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं. ऊस कमी येण्याची जोखीम कारखान्याची होती. ती मुकादमावरून घसरत घसरत कोपीत राहणाऱ्या माणसाच्या वहीत बाकी होऊन बसली.

कारखान्यांमध्ये मजुरांसाठी स्पर्धा नसते असं नाही, चांगलीच असते. पण ती दर वाढवून होत नाही, उचल वाढवून होते. शेजारचा कारखाना जोडीमागे दहा हजार जास्त देतोय असं कळलं की टोळ्या तिकडे वळतात. यात फसवणूकही होते. कारखान्याकडून वाहनमालक उचल घेतो, वाहनमालकाकडून मुकादम, मुकादमाकडून मजूर. या साखळीत दोन कारखान्यांचे पैसे घेऊन टोळी तिसरीकडेच गेल्याच्या, मुकादम पसार झाल्याच्या तक्रारी दर हंगामात पोलिसांपर्यंत जातात. वाहनासाठी कर्ज काढलेला तरुण शेतकरी त्यात बुडतो. आणि वसुलीसाठी मजुराला डांबून ठेवल्याच्या बातम्याही येतात. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. आगाऊ रकमेपायी माणसाला काम सोडून जाता येत नसेल, तर ती वेठबिगारीच, असं तो कायदा सांगतो.

मुकादम नुसता खलनायक नाही, बाजारातली एक खरी अडचण तो सोडवतो. सांगली-कोल्हापूरच्या कारखान्याला धारूरच्या वाडीतली कोणती जोडी कामाला वाघ आहे आणि कोण मधेच पळेल हे कसं कळणार? मुकादमाला कळतं, कारण तो त्याच गावचा असतो, बहुधा भावकीतला, पूर्वी स्वतः कोयता धरलेला. या माहितीची आणि हमीची किंमत म्हणून त्याला तोडणीच्या बिलावर कमिशन मिळतं. २०२४ च्या करारात ते १९ वरून २० टक्के झालं. त्याच्यामुळे कारखान्याचा मात्र एक मोठा फायदा होतो. मजूर कारखान्याच्या हजेरीपटावर येत नाही, त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी नाही, अपघाताची सरळ जबाबदारी नाही. माणूस कारखान्यासाठी राबतो, पण कारखान्याचा कामगार नसतो.

मजुरी रोजावर न देता टनावर का देतात, हेही समजण्यासारखं आहे. शंभर फडांत विखुरलेल्या टोळ्यांवर देखरेख ठेवणं अशक्य. वजन मात्र कारखान्याच्या काट्यावर आपोआप होतं. म्हणून मोजता येईल त्याचे पैसे द्यायचे. याचा परिणाम पहाटे चारच्या फडात दिसतो. नवरा वाकून बुडखा तोडत पुढे सरकतो, बायको मागून पाचट सोलते, वाढ्यानेच मोळी बांधते, ती डोक्यावर घेते आणि कलत्या फळीवरून ट्रकवर चढते. ट्रक रात्री नऊला आला तर भरणी रात्री नऊला. उरलेली वाढी पेंड्या बांधून जनावरांच्या चाऱ्यासाठी विकायची, तेवढीच रोख हातात. त्याआधी आणि त्यानंतरचा स्वयंपाक, पाणी, लेकरं हे कोणत्याच काट्यावर चढत नाही.

या बाजारात हिशेबाचं एकक माणूस नसून जोडपं आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एकट्या माणसाचा अर्धा. उचल पुरुषाच्या हातात, नाव पुरुषाचं, बिल पुरुषाचं. बाईच्या श्रमाला स्वतंत्र भावच नाही. ज्या गोष्टीला बाजारात वेगळा भाव नाही ती गोष्ट बाजार जपत नाही, हे विधान मी जबाबदारीने करतो आहे. कामाला दांडी पडली तर खाडा लागतो, म्हणजे त्या दिवसाची कमाई जाते आणि वर दंडही बसतो. पाळीचे दिवस, गरोदरपण, आजारपण या सगळ्याला अशी रोख किंमत आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, म्हणजे जवळजवळ सहापैकी एकीचं. खासगी डॉक्टरांनी घातलेली कॅन्सरची भीती, कमी वयातली लग्नं, फडावर न्हाणीघर आणि संडास नसणं, अशी अनेक कारणं त्यात आहेत. पण खाड्याची भीती त्या कारणांत आहे, आणि ती मजुरी देण्याच्या पद्धतीतून आलेली आहे.

टनाचा दर मग ठरतो कसा? जोन रॉबिन्सन या केंब्रिजच्या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९३३ मध्ये दाखवलं की खरेदीदार एकटा असला, किंवा सगळे मिळून एकासारखे वागले, की मजुरी कामाच्या मोलापेक्षा खाली राहते. साखर संघ सगळ्या कारखान्यांच्या वतीने एकच दर ठरवतो तेव्हा कागदावर खरेदीदार एकच उरतो. त्याच्यासमोर मजुरांनीही एक होऊन बसणं हाच उपाय, आणि महाराष्ट्रात तो झाला. कोयता बंद आंदोलनं झाली, गोपीनाथ मुंडे यांच्यासारखे नेते वाटाघाटीला बसले, दर टप्प्याटप्प्याने वाढला. मजुरी वाढवली तर काम कमी होईल ही भीती अशा वेळी नेहमी घातली जाते. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ वर नेलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी तिथली आणि वेतन न वाढलेल्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली फास्टफूडची दुकानं तपासली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्या नव्हत्या. खरेदीदाराच्या हातात भाव दाबण्याची ताकद असेल, तर मजुरी वाढवूनही काम टिकू शकतं. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं, क्रूगर तोवर हयात नव्हते.

आपल्याकडच्या वाटाघाटीत मात्र एक खुर्ची रिकामी असते, आणि याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना शेतकऱ्याच्या ऊसबिलातून, म्हणजे एफआरपी या सरकारने ठरवलेल्या ऊसदरातून कापून घेतो. म्हणजे मजुरी ठरवणारा कारखाना आणि ती भरणारा शेतकरी. वाढीव दराचा चिमटा ठरवणाऱ्याला थेट बसत नाही आणि ज्याला बसतो तो मजुरावर चिडतो. दोन एकरवाला ऊस उत्पादक आणि दोन एकर कोरडवाहूवाला तोडकरी एकमेकांसमोर उभे राहतात, खुशालीवरून भांडतात. साखरेच्या, इथेनॉलच्या उत्पन्नातून मजुरी का वाढू नये, हा प्रश्न त्या भांडणात विचारलाच जात नाही.

मजुरीवर वरच्या बाजूने यंत्राचाही दाब आहे. ऊसतोडणीचं यंत्र कोटीच्या घरात जातं, त्याला रुंद सरी आणि सलग रान लागतं. तुकड्यातुकड्यांच्या शेतात, लोळलेल्या उसात ते अडतं. पण कोयत्याचा दर वाढत जाईल तसं ते परवडू लागेल आणि सरकार त्यासाठी अनुदानही देतं. शिकलेली पोरं कोयता धरायला तयार नाहीत, हे मला चांगलंच वाटतं. फक्त चाळिशी-पंचेचाळिशीतल्या त्यांच्या आईबापांचं काय, याचा विचार यंत्राच्या अनुदानाबरोबरच व्हायला हवा.

माणसाची ‘येत नाही’ म्हणण्याची ताकद वाढवता येते, याचा पुरावा आपल्याच राज्याने दिला आहे. १९७२ च्या दुष्काळात उभी राहिलेली रोजगार हमी, वि. स. पागे यांनी तिच्यासाठी घेतलेले कष्ट आणि १९७७ चा कायदा. त्याच धर्तीवर २००५ चा केंद्रीय कायदा आला. क्लेमेंट इम्बर्ट आणि जॉन पॅप यांनी तपासलं तेव्हा ज्या जिल्ह्यांत ही केंद्रीय हमी आधी पोहोचली, तिथे खासगी मजुरीही वाढल्याचं दिसलं, विशेषतः शेतीत काम नसण्याच्या दिवसांत. हमीवर न गेलेल्या मजुराचाही भाव वाढला, कारण त्याच्याकडे दुसरं दार आहे हे मालकाला माहीत झालं. भाद्रपदात उचल घेणाऱ्याला असं दुसरं दार हवं आहे, आणि ते रोखीचं हवं.

माझ्या मते उचल बंद करण्याच्या गोष्टी व्यर्थ आहेत, कर्ज आणि काम यांची गाठ सोडवली पाहिजे. जोडप्याला पावसाळ्यात बँकेकडून किंवा बचत गटाकडून कर्ज मिळावं, बाईचं नाव त्यावर असावं, आणि फेडायची कशी, कोणत्या कारखान्यावर जाऊन, हे त्यांनी ठरवावं. पाच लाख जोडप्यांना लाख-लाख द्यायचे तर पाच हजार कोटी लागतात. गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये आणि सरकारने तेवढेच द्यायचे असं ठरलेलं आहे. दहा कोटी टन गाळप धरलं तर वर्षाला २०० कोटी होतात. वसतिगृहं आणि इतर योजनांना त्यातून पैसा लागणारच. तरी निव्वळ अंदाजासाठी हे २०० कोटी बँकांना हमी म्हणून दाखवले, तर शंभरातली चार कर्जं पूर्ण बुडाली तरी ती भरून निघतात. उचल देणारे मुकादम आज यापेक्षा कमी बुडवणूक सोसत असतील असं मला वाटत नाही.